झाकून बघायचं

“अकरा टक्के, अकरा टक्के! देवापुढं दिवा लागायच्या आधी ह्याचं रडगाणं. ह्याच्यापरीस सासू बरी होती, चहा पोटात गेला की गप तरी बसायची.”

आक्का भिंतीच्या पलीकडे भांडी घासत होत्या, मी अलीकडे तांदूळ निवडत होते. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे, त्यामुळे थोरल्या जाऊबाईंचं पुटपुटणं मला रोज सकाळी घरपोच मिळतं. रडगाणं मात्र जागल्याचं होतं.

जागल्या म्हणजे आमच्या शेततळ्यावरचा कॅमेरा. पूर्वी गावात काठी आपटत फिरणारा जागल्या असायचा, आता ते नाव कंपनीनं खांबावरच्या एका डब्याला दिलंय. डब्याला बोलता येतं. दोन्ही घरांच्या फोनवर तो जरा नाकातल्या आवाजात सांगतो, ‘चार्ज अकरा टक्के. पॅनेल तपासा.’ दर तासाला सांगतो. घरातलं कोणी इतक्यांदा एकच गोष्ट बोललं असतं तर आम्ही त्याला केव्हाच गप्प केलं असतं.

पण जागल्याला गप्प करायची सोय नाही. आटपाडीच्या माळावर डाळिंब जगवायचं तर शेततळं लागतं, आणि शेततळ्याला आतून काळा कागद लागतो. कागद म्हणायचं, असतं ते जाड प्लॅस्टिक. पाणी मुरू देत नाही, आणि आत पडलेल्याला वर येऊ देत नाही. उतार तिरका, वर शेवाळ धरलेलं. पाय एकदा गेला की धरायला काही नाही. दोन वर्षांपूर्वी वरच्या वस्तीवरचा मेंढका कोकरू काढायला उतरला. पट्टीचा पोहणारा होता. दुपारभर पोहला असेल बिचारा, पोहून पोहून दमला. कागदावर त्याच्या नखांचे ओरखडे होते म्हणे. मी पाहिले नाहीत. आक्कांनी पाहिले आणि मला सांगितले, म्हणजे मी पाहिल्यासारखंच.

त्यानंतर तालुक्यात नियम आला. प्रत्येक तळ्यावर जागल्या. तळ्याच्या कडेनं चारी बाजूंनी पांढरा पट्टा मारायचा. त्या पट्ट्याच्या आत माणूस गेला की जागल्या भोंगा वाजवतो. भोंगा असा, की पलीकडच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडेल. तो फोनवरून बंद करता येत नाही. आणि रात्रंदिवस डोळे उघडे ठेवायला त्याला ऊन लागतं, म्हणून डोक्यावर परातीएवढं सोलरचं पॅनेल.

तेच पॅनेल काही केल्या त्याचं पोट भरेना.

“चार्ज होत नाही म्हणजे काय?” हे म्हणाले. “चल, तुला दाखवतो. बघून ठेव. मी काय जन्माला पुरणार आहे?”

हे म्हणजे आमचे हे. मच्छिंद्र नाव. लिहायला काही वाटत नाही, पण तोंडानं घ्यायचं म्हटलं की आजही जीभ वळत नाही. एकतीस वर्षं वीज खात्यात वायरमन होते. तालुक्यातला कुठला खांब कधी वाकला ते यांना पाठ. खांद्यावर कायम लाल काठाचा टॉवेल. घाम पुसायला, बसायला, तार धरायला, सगळ्याला तोच.

खांब बांधावर आहे, पट्ट्याच्या जरा बाहेर. यांनी आधी टॉवेलानं पॅनेलवरची धूळ पुसली.

“ही पहिली पायरी. निम्मे आजार धुळीचे असतात. आता पॅनेलच्या पोटाखाली बघ, दिवा आहे. लाल लागलाय?”

दिवा तळ्याकडच्या बाजूला. बघायला मी एक पाऊल मागे गेले, पट्ट्यावर टाच पडली, आणि डोक्याशी भोंगा फुटला. ‘माणूस कडेला! मागे व्हा!’ आमचा खंड्या कुत्रा शेपूट पायांत घालून डाळिंबात पळाला. मी छातीवर हात धरून बाहेर आले. हे मात्र खुशाल पट्ट्याच्या आत उभे राहून वर बघत होते आणि यांच्यावर भोंगा जराही वाजत नव्हता. मी मनात म्हटलं, वायरमनला यंत्रंसुद्धा वचकून असतात.

“लागलाय लाल,” हे म्हणाले. “म्हणजे चार्ज होतंय?”

“होतंय की.”

“खुळी. दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. कधी कधी आतल्या बॅटरीचं खाऊन दिवा लागतो आणि आपण समजतो, ऊन मिळतंय. म्हणून झाकून बघायचं.” यांनी टॉवेल पॅनेलवर टाकला. दिवा विझला. काढला. दिवा लागला. “झाकल्यावर विझला म्हणजे खरंच ऊन खात होता. झाकूनही लागून राहिला तर लबाड.”

मग यांनी मला पॅनेलवरचे निळे चौकोन दाखवले. ते माळेतल्या दिव्यांसारखे एकामागं एक जोडलेले असतात. प्रवाह पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा जातो. टॉवेलाचा नुसता कोपरा एका चौकोनावर पडला तरी सगळी माळ अडते.

“म्हणजे एकत्र कुटुंब,” मी म्हटलं. “एक रुसला की सगळ्यांची चूल बंद.”

हे हसले. अगदी पहिल्यासारखे. त्या दिवशी यांना सगळं येत होतं, सगळं आठवत होतं, आणि मी घरी येऊन उगाचच शिरा केला.

शिरा का केला, तेही सांगायला हवं. सहा-आठ महिने घरात काहीबाही होत होतं. चहात साखरेऐवजी मीठ. टेस्टर फ्रीजमध्ये, अंड्यांच्या खणात. लेकीला फोनवर स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक. एकदा हे डेअरीपासून घरी आले ते अडीच तासांनी, आणि डेअरी इथून दिसते. आक्का म्हणायच्या, “निवृत्त झाल्यावर माणूस असाच सैरभैर होतो.” भाऊजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, म्हणायचे, “लक्ष नसतं त्याचं. लहानपणापासनं.” आमची ऋतुजा पुण्याहून विचारायची, “बाबा बरे आहेत ना?” मी म्हणायची, “बरे आहेत.” तालुक्याच्या डॉक्टरांनी मिरजेला मेंदूचं दाखवून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. ती मी पिठाच्या डब्याखाली ठेवली होती. डबा रोज उचलत होते, पुसत होते आणि परत चिठ्ठीवर ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी जागल्या म्हणाला, ‘चार्ज नऊ टक्के.’

मग मी चष्मा लावून बसले. शाळा माझी दहावीला सुटली, पण माहितीपत्रक म्हणून जे काही असतं ते मी औषधाच्या बाटलीपासून वाचत आलेय. फोनवर जागल्याचं पान उघडलं की दिवसभरात किती ऊन पोटात गेलं त्याची रेघ दिसते. सकाळी सातला रेघ जमिनीवरून उठते, टेकडीसारखी चढत जाते, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. ढग आला तर रेघ थरथरते. झाडाची सावली आली तर हळूहळू वाकते.

आमची रेघ पावणेबारापर्यंत छान चढत होती. पावणेबाराला कडा तुटल्यासारखी सरळ खाली. शून्य. मग साडेतीन-चारला, वारं सुटतं त्या वेळी, परत वर. आदल्या दिवशीही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही. मी दोन आठवडे मागे गेले. रोज पावणेबारा.

ढगाला घड्याळ कळत नाही. कोणीतरी रोज येऊन पॅनेल झाकत होतं.

हात धुऊन मी पावणेबाराचं चित्रण लावलं. पॅनेल कॅमेऱ्याच्या डोक्यावर, ते त्याला दिसत नाही. पण खांबाचा पायथा दिसतो, पट्टा दिसतो, तळं दिसतं. तळ्याचं पाणी शांत. पट्टा मोकळा. बांध मोकळा. कोणी नाही.

मग समोरच्या बांधावरून टिटवी ओरडत उठली. टिटवी माणूस आल्याशिवाय अशी उठत नाही. आणि डाळिंबातून खंड्या आला. खांबाशी येऊन बसला, मान वर केली, आणि रिकाम्या हवेकडे बघून शेपूट हलवायला लागला.

मी फोन पालथा घातला. स्वयंपाकघरातला दिवा लावला, भर दुपारी.

आक्कांना दाखवलं तर त्यांनी एकदाच बघितलं आणि पदर तोंडाला लावला. “मेंढकाच हाय. कोकरू शोधतोय. आगं, कुत्र्याला दिसतंय ते.”

“आक्का, मेंढका पॅनेल कशाला झाकेल?”

“त्याच्या टायमाला हा डोळा नव्हता म्हणून राग आला असंल.”

भाऊजींनी दोघींना वेड्यात काढलं. “चोर. डाळिंब उतरायला आलंय. आधी कॅमेरा उपाशी मारायचा, मग एके दिवशी टेम्पो लावायचा. काहीतरी फवारत असतील अंगाला, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. निघालं असंल तसलं.” दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन स्वतः बांधाखालच्या लिंबाजवळ बसले. साडेबाराला जेवायला आले.

“कोण आलं होतं?” मी आणि आक्कांनी एकदमच विचारलं.

“कोणी नाही.”

आणि त्या दिवशीही रेघ पावणेबाराला तुटली होती.

भाऊजी डोळ्यांत तेल घालून बसलेले, त्यांना कोणी दिसलं नाही. जागल्याला दिसलं नाही. दिसलं फक्त कुत्र्याला. मेंढका मला तोवर आक्कांचा वाटत होता, त्या दुपारपासून तो माझाही झाला. मी एकटीनं तळ्याकडे जायचं सोडलं. धुणं परसात वाळत घालायचं तेसुद्धा तळ्याकडे पाठ न करता. त्यातून वारा असा, की यांचा टॉवेल दोरीवरून उडून तळ्याच्या कुंपणाला अडकलेला सापडायचा. रोज. हे संध्याकाळी विचारायचे, “टॉवेल कुठाय माझा?” आणि मी म्हणायची, “वाऱ्यानं गेला असेल,” आणि भाऊजींना पाठवून आणायची.

टॉवेल मी दोरीवर घातला होता का, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायचं नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात रेघ आणखी बिघडली. पावणेबाराच्या जोडीला साडेनऊला एक खाच आली. कधी रेघ मध्येच उठायची आणि दोनला परत तुटायची. रेघेची करवत झाली. जे काही होतं ते आता एकदा येत नव्हतं, पुन्हा पुन्हा येत होतं.

गुरुवारी सकाळी जागल्या म्हणाला, ‘चार्ज सहा टक्के.’ साडेआठला तुटलेली रेघ परत उठलीच नव्हती. साडेदहा झाले तरी सपाट. हे नेहमीसारखे डेअरीवर पेपर वाचायला गेले होते. मी ऋतुजाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. टिटवी, खंड्या, भाऊजींचा पहारा. ती यंत्रांतलीच आहे, तिला मेंढका सांगितला नाही.

ती हसली नाही. म्हणाली, “आई, जागल्या कसा बघतो सांगते. त्याची बॅटरी एवढीशी. बघायला फार चार्ज लागत नाही. ओळखायला लागतो. समोर दिसतंय ते माणूस आहे का, कुठलं माणूस आहे, हे ठरवायला खूप ताकद जाते. म्हणून तो सगळं काही नव्यानं बघत नाही. रिकाम्या तळ्याचं एक चित्र मनात धरून ठेवतो आणि जिथं काही बदललं तेवढाच तुकडा नवा काढतो. बदललेलं जर बिनमहत्त्वाचं असलं, तर तोही काढत नाही. जुनंच चित्र राहू देतो.”

“म्हणजे समोर असून दाखवत नाही?”

“त्याच्या दृष्टीनं ते नसतंच. आता बुजगावणं घे. माणसासारखं दिसतं, वाऱ्यानं हलतं. प्रत्येक वेळी ते ओळखत बसला तर दुपारपर्यंत बॅटरी खलास. म्हणून सुरुवातीला तो विचारतो, हे कोण? आपण सांगायचं, कोणी नाही. मग तो त्याच्यावर परत कधी ताकद घालवत नाही. भोंगा नाही, चित्र नाही. आणि चार्ज कमी असला की जास्तच कडक होतो. तू असं कर, ‘ओळखी’ नावाचं पान उघड. तिथं यादी असेल.”

मी उघडलं. चेहऱ्यांची लहान लहान चित्रं, खाली नावं. ‘आक्का’. ‘भाऊजी’. ‘संजीवनी’, म्हणजे मी, डोळे मिटलेली. ‘दूधवाला’. ‘खंड्या’. त्याखाली वेगळी चौकट. वर लिहिलेलं, ‘कोणी नाही’. त्यात तीन चित्रं. भाऊजींचा जुना शर्ट घातलेलं बुजगावणं. दोरीवरची माझी जांभळी साडी.

तिसरं चित्र यांचं होतं. खांद्यावर टॉवेल, वर बघत होते. खाली बारीक अक्षरांत, ‘दोनशे चौदा वेळा दिसले. लक्ष: शून्य.’

सगळं आठवलं. खांब नवा बसवला तो आठवडा. मी कणीक मळत होते आणि जागल्या फोनवरून सारखा चौकशा करत होता. ‘तळ्याजवळ माणूस आहे. ही व्यक्ती कोण?’ मी खिडकीतून बघितलं. हात पिठाचे. आणि बाहेर कोण आहे असं सासूबाईंनी विचारल्यावर तीस वर्षं जे सांगत आले तेच सांगितलं.

‘कोणी नाही रे बाबा. हेच आहेत.’

‘कोणी नाही. नोंद केली,’ तो म्हणाला होता. मला वाटलं, कळलं त्याला. आपल्या माणसाला कळतं. आपल्याकडे कोणी नाही म्हणजे परकं कोणी नाही, घरचंच आहे. यंत्राला एवढंच समजलं, की कोणी नाही.

“आई?” ऋतुजा म्हणाली. तिला तिच्या फोनवर तेच पान दिसत असणार. “आई, बाबा कुठे आहेत आत्ता?”

“डेअरीवर.”

“नक्की?”

मी फोन तसाच धरून भिंतीशी गेले. भाऊजी पलीकडे फवारणीच्या ड्रोनची पाती पुसत बसले होते.

“भाऊजी, त्या दिवशी तुम्ही लिंबाखाली बसला होता, तेव्हा तळ्यावर कोण आलं होतं?”

“किती वेळा सांगू? कोणी नाही.”

“अगदी कोणीच नाही?”

“कोणी नाही गं. मच्छिंद्र तेवढा येऊन गेला.”

मी चपला घातल्या नाहीत. परसातून डाळिंबात शिरले ती काटे अंगावर घेतच धावले. मागून आक्का काहीतरी ओरडत होत्या. फोनमधून ऋतुजा ओरडत होती. मला ऐकू येत होता तो फक्त भोंगा, जो वाजत नव्हता. माणूस पट्ट्याच्या आत असताना एवढी शांतता मी त्या तळ्यावर कधी ऐकली नव्हती.

कुंपणाचं फाटक उघडं होतं. खंड्या खांबाशी बसला होता, मान वर, शेपूट हलत. चित्रणात होतं तसंच, फक्त आता तिथली रिकामी हवा भरलेली होती.

हे पट्ट्याच्या आत उभे होते. पाठ तळ्याकडे. टॉवेल पॅनेलवर टाकलेला, आणि त्याच्या पोटाखालचा दिवा नीट दिसावा म्हणून हे मान तिरकी करून मागे सरत होते. एक चप्पल मातीवर होती. दुसऱ्या पायाची टाच काळ्या कागदावर.

मी फाटकातच थांबले. हाक मारली तर हे वळणार, आणि वळले तर त्या टाचेवर वळणार. आत गेले तर पट्टा. यांना गाठायचं तर पट्टा ओलांडावाच लागणार. मी पट्ट्यावर पाय ठेवला की भोंगा, यांच्या कानापासून हातभर अंतरावर. यांच्यासाठी जागल्या आंधळा होता, माझ्यासाठी नव्हता. माझं नाव त्याच्या यादीत नीट लिहिलेलं होतं.

फोनवर बघितलं. चार्ज दोन टक्के.

महिनाभर जागल्याच्या पोटाची काळजी केली होती मी. आता त्याच फाटकात उभी राहून म्हणत होते, संप. संप रे बाबा, मर एकदाचा.

यांनी हात वर केला आणि टॉवेलाचा कोपरा धरला. झाकल्यावर काढून बघायचं असतं, ही तिसरी पायरी. टॉवेल निघाला की ऊन, ऊन मिळालं की जागल्या जागा. मी देवाला इतकं विचित्र कधी काही मागितलं नव्हतं. झाकलेलं राहू दे. एवढं एकच झाकलेलं राहू दे.

हात तसाच वर थांबला. यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विझल्यासारखं झालं. हात कशाला वर केला होता, ते यांना आठवेना. हळूच खाली आला.

एक टक्का.

टाच कागदावर बोटभर सरकली. शेवाळावरून चर्र आवाज आला. खाली पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि मोठं होत पलीकडे गेलं. हे खाली बघत नव्हते. वर बघत होते, त्या विझलेल्या दिव्याकडे, परीक्षेत उत्तर न आठवणाऱ्या मुलासारखे.

माझ्या हातातला फोन नाकातल्या आवाजात म्हणाला, ‘चार्ज संपला. जागल्या बंद होत आहे.’ खांबावरचा निळा ठिपका गेला.

मी आत शिरले. पळाले नाही. उंबऱ्यावर रांगोळी काढलेली असताना चालावं तशी चालत गेले. पट्टा ओलांडला. काही वाजलं नाही. खंड्यानं माझ्याकडे बघून शेपूट हलवलं.

यांना चाहूल लागली. मान वळली, अंग नाही.

“कोण आहे?”

“कोणी ना...”

शब्द अर्धा बाहेर आला होता. मी तो दातांखाली धरला.

“मी आहे. संजीवनी.”

यांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं आणि बघतच राहिले. ऋतुजा म्हणाली होती, बघायला फार ताकद लागत नाही. मी हात पुढे केला. फार पुढे नाही, भाजी घेताना करतो तेवढाच, आणि उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. पाण्यावरचं ते वर्तुळ पलीकडच्या कागदाला लागून परत आलं.

मग यांनी माझा हात धरला. मी ओढला नाही, नुसता धरून ठेवला. एक पाऊल. मातीवरची चप्पल घट्ट झाली. दुसरं पाऊल. टाच कागदावरून सुटली. पट्टा ओलांडून आम्ही बांधाच्या बाहेरच्या बाजूला आलो आणि तिथंच मातीत बसलो. खंड्या येऊन दोघांच्या मध्ये बसला.

कुंपणापलीकडे आक्का आणि भाऊजी येऊन उभे होते. आक्का पदरानं तोंड झाकून. भाऊजी म्हणाले, “काही नाही, काही नाही. ऊन लागलं असंल. डोकं फिरतं उन्हानं.”

आक्का लगेच म्हणाल्या, “व्हय व्हय. ऊन किती हाय. घरी चला, सरबत करते.”

माझ्याही तोंडात तेच आलं होतं. ऊनच आहे फार. फोन अजून चालू होता, त्यातून ऋतुजा म्हणाली, “आई, बाबा बरे आहेत ना?” आणि मला ‘बरे आहेत’ म्हणता येईना. मी नुसती पॅनेलकडे बघत राहिले. वारं अजून सुटलं नव्हतं. टॉवेल तसाच होता, नीट चारी कोपरे ओढून घातलेला.

हे उठले. मी घाबरून उठायला लागले तर हातानं बस म्हणाले. पट्ट्याच्या बाहेर उभे राहूनच यांनी हात लांब केला, टॉवेल काढला, झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला. परत माझ्याशेजारी येऊन बसले.

“झाकल्यावर विझला, तर चार्ज होतंय. असंच ना?”

“असंच. तुम्हीच शिकवलंत.”

“रोज येऊन बघतो मी. घरी गेल्यावर बघितलं का नाही ते आठवत नाही. म्हणून परत येतो.” यांनी कुंपणापलीकडे भावाकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या फोनकडे. “ऊन नाही लागलं मला, दादा. सगळ्यांना माहिती आहे. चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली आहे, तेही मला माहिती आहे. ते मात्र विसरलो नाही.”

हे माझ्याकडे वळले. यांनी माझा हात परत हातात घेतला आणि उलटा करून तळव्याकडे बघितलं, जसं काही तिथं लिहिलेलं असावं.

“मला आजार झालाय, संजीवनी. मगाशी तू हात पुढं केलास ना, तेव्हा तू कोण, हे मला कळलं नव्हतं.”